उंबरठ्याच्या आत, उंबरठ्याच्या बाहेर

आपल्याकडचे बहुतेक सिनेमे लग्नापाशी संपतात. वाटेतले अडथळे दूर होतात, खलनायकाला पोलीस घेऊन जातात, सनई वाजते आणि पडद्यावर 'समाप्त' ही अक्षरं येतात. प्रेक्षक चपला शोधत बाहेर पडतो. पण संसार केलेल्या माणसाला ठाऊक असतं की, खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. त्या पुढच्या गोष्टीवर सिनेमा काढणं अवघड, कारण तिच्यात पोलिसांनी धरून न्यावा असा खलनायक बहुधा नसतो. दोन बरी माणसं असतात, आणि तरी त्यांचं जमत नाही.

अशा न जमलेल्या संसारांचा सिनेमा म्हटला की जाणकारांच्या तोंडी लगेच नाव येतं ते स्वीडनचं. आपल्या मराठीतही असे सिनेमे निघाले, १९३७ सालापासून निघाले, आणि ते कुणापुढे मान खाली घालावी असे नाहीत. मात्र दोन्हीकडचे सिनेमे पाठोपाठ पाहिले तर एक फरक ध्यानात येतो. नवरा-बायकोचं बिनसलं की स्वीडनचा सिनेमा विचारतो, ही दोघं एकमेकांशी बोलतात तरी का? मराठी सिनेमा विचारतो, हिनं घर सोडलं तर ही जाणार कुठे? एकाला काळजी बोलण्याची, दुसऱ्याला दाराची. असं का झालं असावं, ते आज पाहू.

आधी स्वीडन. युरोपच्या उत्तर टोकाचा हा देश. लोकसंख्या जेमतेम एक कोटीच्या घरात. हिवाळा लांबलचक, दिवस एवढासा आणि रात्र संपता संपत नाही. दारं-खिडक्या लावून माणसं घरात बसणार, आणि घरात बसलं की एकमेकांची तोंडं पाहावी लागणार! या देशानं मूकपटांच्या काळापासून घरातल्या नात्यांवर सिनेमे काढले. पण हे नाव जगभर गेलं ते इंगमार बर्गमन या दिग्दर्शकामुळे. १९१८ साली धर्मोपदेशकाच्या घरात त्याचा जन्म झाला आणि २००७ साली तो गेला. त्यानं स्वतः पाच लग्नं केली. त्यामुळे विषयाचा अभ्यास घरबसल्या झाला, असं म्हणायला हरकत नाही.

१९५३ सालचा त्याचा 'समर विथ मोनिका' पाहा. हॅरी आणि मोनिका ही दोन कामकरी पोरं. उन्हाळ्यात नोकरी सोडून होडी घेऊन बेटांवर पळून जातात. ऊन, पाणी, मोकळं आभाळ. मग थंडी येते, पैसे संपतात, मोनिकाला दिवस जातात, दोघं शहरात परत येऊन लग्न करतात. सिनेमाची खरी गोष्ट इथून पुढची आहे. मोनिकाला हा लहानशा खोलीतला, काटकसरीचा संसार सोसवत नाही. ती निघून जाते आणि तान्हं मूल हॅरीच्या पदरात राहतं. १९५३ साली बाई दार उघडून गेली आणि बाप्या लेकरू घेऊन मागे राहिला! आपल्याकडे त्या काळी हे कागदावर तरी कुणी लिहिलं असतं का?

चार वर्षांनी आलेल्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मध्ये एक म्हातारा डॉक्टर मोटारीतून मोठा सन्मान घ्यायला निघाला आहे. सोबत सून आहे. तिचं आणि नवऱ्याचं बिनसलंय, कारण तिला मूल हवंय आणि त्याला नको. वाटेत म्हाताऱ्याला स्वप्नं पडतात आणि कळत जातं की, मुलाच्या स्वभावातला हा गारठा आपल्याच घरातून त्याच्याकडे आला. संसार बिघडण्याची सवयसुद्धा जमीनजुमल्यासारखी वारशानं मिळते, हे त्या सिनेमानं फार हळू आवाजात सांगितलं.

पण या विषयावरचं त्याचं मोठं काम म्हणजे 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज', एका लग्नाची दृश्यं. १९७३ साली ही मालिका स्वीडनच्या टीव्हीवर आली. सहा भाग. नंतर ती कापून-जोडून सुमारे पावणेतीन तासांचा सिनेमा केला गेला. योहान प्राध्यापक, मारियान वकील. वकीलही कशाची, तर घटस्फोटाच्या प्रकरणांची! लग्नाला दहा वर्षं झालेली, दोन मुली. पहिल्याच दृश्यात एका मासिकासाठी त्यांची मुलाखत चालली आहे. सुखी जोडपं कसं असावं, तर यांच्यासारखं. दुसऱ्या भागाचं नाव मोठं गमतीचं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर, 'केर सतरंजीखाली लोटण्याची कला'. त्या भागात मारियानकडे एक वयस्क बाई घटस्फोट मागायला येते. नवरा वाईट नाही, मारत नाही, पीत नाही. मग का? तर आमच्यात प्रेम नाही. लेकरं मोठी होईपर्यंत थांबले, आता थांबायचं नाही. प्रेमाविना राहून राहून आपल्या हाताला वस्तूंचा स्पर्शही नीट कळेनासा झालाय, असं ती सांगते, आणि ऐकता ऐकता वकीलबाईचा चेहरा बदलत जातो.

तिसऱ्या भागात योहान रात्री घरी येतो, मारियान त्याला खायला करून देते, आणि तो सांगतो की माझं दुसऱ्या मुलीवर प्रेम जडलंय, मी उद्या सकाळी जातोय. सकाळी मारियान त्याची बॅग भरायला मदत करते. मग मैत्रिणीला फोन लावते तर कळतं की, सगळ्यांना हे आधीच ठाऊक होतं. काही महिन्यांनी तो भेटायला येतो. ती एकटेपणी वहीत स्वतःविषयी लिहू लागली आहे. मी कोण, लहानपणापासून सगळ्यांना आवडावं म्हणून मी कशी कशी वागत आले, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा शोधून काढलंय. ती त्याला ते वाचून दाखवते. वाचून झाल्यावर मान वर करून पाहते, तर योहानला झोप लागलेली! मी पाहिलेल्या सिनेमांत नवरा-बायकोच्या नात्यावर याहून बोलकं दृश्य मला आठवत नाही. तो दुष्ट नाही. त्याला फक्त झोप लागली आहे.

पाचव्या भागाचं नाव 'निरक्षर'. दोघं पदवीधर, पण मनातलं मांडण्याच्या बाबतीत अंगठेबहाद्दर. आपल्याला शाळेत शरीराची माहिती दिली, दूरच्या देशांतली शेती शिकवली, पण स्वतःच्या मनाविषयी एक अक्षर शिकवलं नाही, अशा अर्थाचं बोलणं त्यात येतं. या भागात घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करायला दोघं जमतात आणि भांडण इतकं पेटतं की सुशिक्षित योहान हात उचलतो. शेवटच्या भागात, काही वर्षांनी, दोघांची दुसरी लग्नं झाली आहेत आणि आता ती एकमेकांना चोरून भेटतात. लग्नाचं ओझं उतरल्यावर कुठे त्यांना बोलता येऊ लागलंय.

या मालिकेमुळे स्वीडनमध्ये घटस्फोट वाढले, अशी आख्यायिका आहे. तिच्यावर फार विसंबू नये, कारण १९७४ पासून तिथला कायदाच बदलला आणि कुणाचा दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या सहा भागांत सासू घरात नाही, जाऊ नाही, दीर नाही. मुलीसुद्धा फारशा दिसत नाहीत. दोन माणसं आणि एक खोली. मारियानला पगार आहे, स्वतःचं घर आहे, कायदा पाठीशी आहे. दार उघडंच आहे. म्हणून तर प्रश्न उरतो तो फक्त बोलण्याचा.

आता आपल्या अंगणात येऊ. उत्तरेकडच्या त्या वाऱ्याची एक झुळूक मराठीत फार पूर्वी आली होती. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणलं. स्वीडनच्या शेजारच्या नॉर्वेतले नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकाचं ते श्री. वि. वर्तकांनी केलेलं रूपांतर. लग्नाआधी मुलीचं शील पाहता, मग मुलाचं का नाही, हा त्यातला प्रश्न. या मंडळीत नट केशवराव दाते होते, संगीतकार केशवराव भोळे होते. चार वर्षांनी हे दोघंही प्रभात कंपनीच्या एका सिनेमात भेटतात. तो सिनेमा म्हणजे व्ही. शांताराम यांचा 'कुंकू'. साल १९३७.

'कुंकू'ची कथा ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली. जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठीला नवा नव्हता. देवलांचं 'शारदा' १८९९ सालचं. पण 'शारदा'त म्हाताऱ्याचं लग्न मोडतं. 'कुंकू'त ते लागतं, आणि गोष्ट तिथून सुरू होते. मामाच्या आधारानं वाढलेली पोरकी नीरा फसवून एका प्रौढ वकिलाच्या गळ्यात बांधली जाते. शांता आपटेंची नीरा रडत बसत नाही. मी तुम्हाला नवरा मानत नाही, असं ती सांगते आणि त्याच घरात राहून तो शब्द पाळते. त्या घरात सासूच्या थाटात वागणारी बाई आहे, नीरावर वाईट नजर ठेवणारा सावत्र मुलगा आहे आणि तिची बाजू घेणारी, समाजकार्य करणारी सावत्र मुलगी आहे. ही मुलगी झाल्या होत्या शकुंतला परांजपे, ज्यांनी प्रत्यक्षातही संततिनियमनाचं काम पुढे अनेक वर्षं केलं. भिंतीवर एक जुनं घड्याळ आहे. म्हाताऱ्याचं वय त्याच्या टिकटिकीत ऐकू येतं. शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वापरलं नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाजच ठेवले.

पण शेवट काय? केशवराव दात्यांच्या काकासाहेबांना आपला अन्याय उमगतो. ते नीराला मुलीसारखी मानू लागतात, आणि तिला मोकळं करण्यासाठी स्वतःचा जीव देतात. आजच्या प्रेक्षकाला वाटतं, एवढं कशाला? फारकत का देत नाहीत? इथं इतिहास आठवला पाहिजे. १९३७ साली नीरासारख्या मुलीला घटस्फोट मिळेल असा हिंदू कायदाच नव्हता. बडोदे संस्थानानं १९३१ साली तो केला होता, पण तो संस्थानापुरता. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे तो आपल्याला लागू नव्हता. सगळ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा झाला १९५५ साली, आणि दोघांच्या संमतीनं घटस्फोट घेण्याची सोय तर १९७६ साली आली. म्हणजे नीराच्या सुटकेसाठी त्या काळी एकच वाट उघडी होती, नवऱ्याचं मरण. काकासाहेबांची आत्महत्या हा सिनेमाचा शेवट तर आहेच, तो त्या काळच्या कायद्यावरचा शेराही आहे.

एक गोष्ट मात्र इथं सांगायला हवी. आपल्या वऱ्हाडात शेतकरी, कारागीर, कष्टकरी जातींत काडीमोड होती, पाट लावण्याची चाल होती. नांदणं जमलं नाही तर पंच बसायचे, देणंघेणं मिटायचं आणि बाई दुसरं घर करायची. त्यात बाईला मान होता असं नाही, पण वाट होती. दार पक्कं बंद होतं ते वरच्या, पांढरपेशा घरांत. आणि मराठी सिनेमानं जे संसार पडद्यावर आणले ते बहुतेक याच घरांतले. पाट लावून आलेल्या बाईच्या संसारावर कुणी 'कुंकू'च्या तोडीचा सिनेमा काढायला हवा होता, असं मला नेहमी वाटतं.

'कुंकू'नंतर चाळीस वर्षांनी, १९७७ साली, श्याम बेनेगलांचा 'भूमिका' आला. भाषा हिंदी, पण आयुष्य मराठी. अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो बेतला होता. यातली उषा मिळवती आहे. तिच्या कमाईवर घर चालतं. म्हणजे मारियानसारखा पैसा हाती आहे. पण पैशाचा हिशेब नवऱ्याच्या हाती! ती त्या घरातून सुटते ती एका जमीनदाराच्या वाड्यात जाते, आणि तिथं कळतं की या वाड्याचं फाटक बाईला ओलांडता येत नाही. शेवटी तिथून सोडवायला बोलवावं लागतं ते त्याच पहिल्या नवऱ्याला. कमाई म्हणजे दार नव्हे, हा धडा 'भूमिका'नं दिला. उषा झालेल्या स्मिता पाटील यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या अवघ्या बाविशीच्या होत्या.

पुढे १९८२ साली त्याच स्मिता पाटील 'उंबरठा'मध्ये आल्या. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि डॉ. जब्बार पटेलांनी दिग्दर्शन केलं. सुलभा महाजन ही सुखवस्तू घरची सून. नवरा सुभाष वकील, समजूतदार, हसरा. गिरीश कार्नाडांनी तो असा केलाय की त्याचा राग धरता येत नाही. सासू स्वतः समाजसेविका. सुलभाला खरं काम करायचंय. ती लहान मुलीला जावेवर सोपवून दूरच्या गावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. तिथं तिला दिसतात त्या घराबाहेर पडलेल्या, घरानं टाकलेल्या बाया. पुढाऱ्यांची लुडबुड, कमिटीचे डाव, चौकशी. मन मोडून ती घरी परतते, तर मुलगी जावेची झाली आहे आणि सुभाष शांतपणे सांगतो की, माझ्या आयुष्यात दुसरी बाई आहे. तू इथं राहायला हरकत नाही. सुलभा पुन्हा उंबरठा ओलांडते. या वेळी कायमचा. शेवटी ती आगगाडीत बसलेली दिसते. कुठे चालली आहे, ते सिनेमा सांगत नाही.

'उंबरठा'तला महिलाश्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बाईनं घर सोडलं तर ती जाणार कुठे, या प्रश्नाचं त्या काळचं सरकारी उत्तर म्हणजे तो आश्रम. आणि ते उत्तर कसं आहे हे सिनेमा आत नेऊन दाखवतो. मारियानच्या कथेत अशी इमारतच नाही, कारण तिला तिची गरज नाही. दोन देशांतला फरक आकड्यांनी सांगता येईल, पण ही एक इमारत तो अधिक चांगला सांगते.

आपल्यासाठी आणखी एक आपुलकीची गोष्ट. 'उंबरठा'त सुन्या झालेल्या मैफलीची जी गझल आहे, ती अमरावतीच्या सुरेश भटांची. हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लताबाईंचा आवाज. गझल मुळात अरबी-फारसीतून उर्दूत आली, भटसाहेबांनी तिला मराठीत असं रुजवलं की ती इथलीच झाली. जे बोलणं सुलभा आणि सुभाष एकमेकांशी करू शकत नाहीत, ते त्या गझलेत आहे. आपल्या सिनेमाची ही रीत आहे. पात्रांना बोलता येत नाही तेव्हा गाणं बोलतं. बर्गमननं ती सोय आपल्या नवरा-बायकोला दिली नाही.

त्याच १९८२ साली हिंदीत बी. आर. चोप्रांचा 'निकाह' गाजला. रागाच्या भरात नवरा तीन वेळा तलाक म्हणतो आणि निलोफरचा संसार एका श्वासात मोडतो. ती दुसरं लग्न करते. पुढे गैरसमजातून दुसरा नवराही तिला मोठ्या मनानं पहिल्याच्या हवाली करायला निघतो, तेव्हा ती उसळून विचारते की, मी काय वस्तू आहे? आमच्या मुस्लिम समाजात लग्न हा करार आहे. मेहर आहे, बाईला 'खुला' मागण्याचा हक्क आहे, १९३९ च्या कायद्यानं तिला कोर्टाची वाटही दिली. म्हणजे दार होतं, पण त्याची कडी बहुतेक वेळा पुरुषाच्या बाजूला. ही कडी दोन्हीकडून असावी म्हणून मराठीचे लेखक हमीद दलवाई यांनी १९६६ साली सात महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. फक्त सात! लोक हसले असतील. पण २०१७ साली सुप्रीम कोर्टानं एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला आणि २०१९ साली कायदाही झाला. त्या कायद्यातल्या शिक्षेच्या कलमावर वाद आहे, तो असू द्या. एका श्वासात संसार मोडणं थांबलं पाहिजे, यावर शहाण्या माणसाचं दुमत नसावं.

यानंतर दोन सिनेमांचा उल्लेख करून पुढे जातो. कांचन नायक यांचा 'कळत नकळत' १९८९ सालचा. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आली की घरातल्या लहान मुलांच्या मनाचं काय होतं, हे त्यात पाहायला मिळतं. बर्गमननं मुलींना पडद्याआड ठेवलं, मराठी सिनेमानं त्यांना मधोमध बसवलं. आणि दुसरा, २००० सालचा महेश मांजरेकर यांचा 'अस्तित्व'.

'अस्तित्व'मधली अदिती, म्हणजे तब्बू, हिचा नवरा श्रीकांत कामासाठी सतत फिरतीवर. एकटी अदिती गाणं शिकू लागते आणि एका पावसाळी दिवशी गुरूच्या जवळ जाते. दिवस राहतात. नवरा परत येतो तेव्हा ती त्याला खरं सांगू पाहते. पण बाप होणार या आनंदात तो तिला बोलूच देत नाही. पंचवीस-एक वर्षांनी त्या गुरूच्या मृत्युपत्राचे कागद घरी येतात. श्रीकांत जुन्या डायऱ्या काढून तारखांचा हिशेब करतो आणि मित्रांसमोर, मुलासमोर बायकोला उभी करतो. मग ती बोलते. पंचवीस वर्षांचं एकदम बोलते, आणि बाहेर पडते. होणारी सून तिच्याबरोबर जाते.

इथं मला योहान आठवतो. मारियान वाचत होती तेव्हा तो झोपला. अदिती सांगत होती तेव्हा श्रीकांत आनंदानं नाचत होता. एक पेंगला, एक हर्षला, पण ऐकलं कुणीच नाही. दोन देश, दोन भाषा, मध्ये सत्तावीस वर्षं. दार बंद असो की उघडं, संसार बिघडतो तो बहुधा अशाच एखाद्या संध्याकाळी, आणि त्या संध्याकाळची नोंद कुठल्याच डायरीत होत नाही.

म्हणून मला हे दोन्ही प्रश्न एकमेकांना पूरक वाटतात. दाराचा प्रश्न आपल्याकडे अजून संपलेला नाही. लेक सासरी निघाली की आपण आशीर्वाद देतो, 'दिल्या घरी सुखी राहा'. त्यात प्रेम आहे, पण परतीचं तिकीट नाही. बाहेर पडायचं तर बाईच्या पायाखाली कुठली तरी जमीन लागते. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली हिंदू मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. २००५ च्याच घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यानं बाईला राहत्या घरातून हाकलता येणार नाही, असं सांगितलं. हा कायदा सगळ्या धर्मांच्या बायांना लागू आहे. नीराच्या काळी यातलं काहीच नव्हतं. पण हक्कसोड पत्रावर सही करून भावाकडे माहेरपण राखणाऱ्या बहिणी आपण आपल्याच गावात पाहतो ना? कागदावरचं दार वापरात यायला आणखी वेळ लागणार आहे.

आणि स्वीडन सांगतं की, दार उघडल्यावरही काम संपत नाही. पगार, घर, कायदा, सगळं असूनही योहान आणि मारियान एकमेकांना फोडून काढतात. उलट मला तर असं दिसतं की, दार उघडं असलं तरच खरं बोलणं शक्य होतं. जिला जायला जागा नाही ती खरं कसं बोलणार? ती हो ला हो करणार. तिच्या गप्प बसण्याला आपण समजूतदारपणा म्हणतो आणि असे संसार आदर्श म्हणून दाखवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची! मासिकाला मुलाखत देणाऱ्या त्या सुखी जोडप्यासारखी.

आमच्या पातूरकडे जत्रा-उरुसांत टुरिंग टॉकीजचे तंबू पडायचे. मधोमध दोरी किंवा कनात असायची. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये. नवरा-बायको एकाच सिनेमाला यायचे आणि दोन सिनेमे पाहून जायचे. रडणं तिकडे, शिट्ट्या इकडे. वाटेनं घरी जाताना तो पुढे, ती चार पावलं मागे, मांडीवरून खांद्यावर आलेलं लेकरू घेऊन. पाहिलेल्या गोष्टीवर दोघांनी बोलायचं असतं, हे कुणाच्या मनातही येत नसे. आता तंबू गेले आणि कनातही गेली. आता एका खाटेवर दोघं आणि दोघांच्या हातात दोन मोबाइल असतात.

त्याच मोबाइलवर हे सिनेमे शोधले तर सापडण्यासारखे आहेत. एखाद्या रविवारी दुपारचं जेवण झाल्यावर दोघांनी मिळून 'उंबरठा' किंवा 'अस्तित्व' पाहावा. मग एकमेकांना एवढंच विचारावं, इथं तू असतीस तर काय केलं असतंस, तुम्ही असतात तर काय केलं असतं? उत्तर लांबलं तरी ऐकावं. दुपारची वेळ आहे, जेवण अंगावर आलेलं असेल, तरी त्या योहानसारखी झोप मात्र लागू देऊ नये.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)